फौजेचे देणे आणि खानदेशचे न्यायालय

जानेवारी १८१९ मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्ज याला धुळ्यात महसूल आणि न्याय या दोन्ही कामांसाठी सरकारी कचेऱ्या बांधण्याची मंजुरी मिळाली. खानदेशच्या इंग्रजी न्यायदानाचा इतिहास इथून मोजता येतो. गावात तेव्हा ४०१ घरे आणि २,५०९ माणसे होती. पांझरा नदी आणि पाणी नेणारा पाट यांच्या बेचक्यात, बागायतीने वेढलेले हे लहानसे गाव. कारागीर दूरदूरहून आणावे लागले आणि इमारतींवर एकंदर २,७०० पौंड खर्च झाले. नव्या वस्तीत येणाऱ्या व्यापाऱ्यांना घरासाठी जागा कायमची बिनभाड्याने मिळाली, घर उभारायला उचलही मिळाली. ब्रिग्ज हा पुढे फरिश्ताच्या फारसी इतिहासाचा इंग्रजी अनुवादक म्हणून विद्वानांत गाजला. धुळ्यात मात्र तो पोलिटिकल एजंट होता. सारा वसूल करणारा, चोर पकडणारा आणि दाव्यांचा निकाल लावणारा अधिकारी एकच होता.

या कचेरीसमोरचा पहिला मोठा गुंता शेताच्या बांधाचा किंवा वाटणीचा नव्हता. तो फौजेच्या देण्याचा होता. खानदेशातल्या जमिनीचा मोठा भाग पेशवाईत लष्करी कामासाठी तोडून दिलेला होता. सरदाराने ठरलेले स्वार बाळगायचे आणि त्याबदल्यात परगण्याचा वसूल खायचा, हा सरंजाम. खुद्द धुळेही त्यातच मोडते. १८०३ च्या दुष्काळात गाव पार उजाड झाले. पुढच्याच वर्षी विंचूरकरांच्या आश्रित बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवले आणि त्याबद्दल विंचूरकरांकडून इनाम मिळवले. पुढे सोनगीर आणि लळिंगचा कारभार त्यांच्याकडे आला आणि १८१८ पर्यंत त्यांचे ठाणे धुळ्यातच राहिले. म्हणजे न्यायाची कचेरी ज्या गावात उभी राहिली, ते गाव वसले होते एका लष्करी सरदाराच्या आसऱ्याने.

सरंजाम मिळत नसे त्या शिपायाचा रोजमुरा रोख द्यावा लागे, आणि रोख तर बहुधा नसेच. मग वरात निघे. अमुक परगण्याच्या वसुलातून इतके रुपये द्यावेत, असा हा हुकूम. परगण्यात वसूल शिल्लक असेल तर वरात पटे, नसेल तर नुसताच कागद. दौलतराव शिंद्यांच्या छावणीत थकलेल्या पगारासाठी शिपायांनी दिलेली धरणी १८०९ साली तिथे असलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या पत्रांत टिपून ठेवली आहेत. शिपायाला दाद मागायला दुसरी जागाच नव्हती. देणेकऱ्याच्या दारात बसायचे, त्याला जेवू द्यायचे नाही आणि आपणही जेवायचे नाही. पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने ऑक्टोबर १८१९ मध्ये पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल दिला, त्यात वसुलीच्या या रीतीचे, तकाज्याचे, सविस्तर वर्णन आहे. तकाजा साध्या विनवणीपासून सुरू होई आणि चढत चढत ऋणकोवर पहारा बसवणे, त्याला उपाशी ठेवणे, डोक्यावर जड धोंडा देऊन भर उन्हात एका पायावर उभे करणे इथवर जाई. सामान्य सावकाराला हे जमत असे, मग हत्यारबंद शिपायाला किती जमत असेल याचा अंदाज करता येतो. पुढे १८६० च्या दंडसंहितेत दैवी कोपाची भीती घालून एखाद्याला भाग पाडण्याचा गुन्हा कलम ५०८ मध्ये आला, तेव्हा त्याचे पहिले उदाहरण दारात धरणे धरून बसणाऱ्याचेच घातले गेले. कालपर्यंतचा उपाय आज गुन्ह्याचे उदाहरण झाला.

१८१८ साली खानदेशातले कित्येक किल्ले अरब शिबंदीच्या हातात होते. हे अरब पगारी लढवय्ये होते. धनी बुडाला, आणि धन्याबरोबर त्यांची बाकीही बुडण्याच्या बेतात होती. फेब्रुवारीत तापीकाठच्या थाळनेर किल्ल्यावर सर टॉमस हिस्लॉपची फौज आली. शरणागतीच्या वेळी दरवाजात गोंधळ उडाला, झटापट झाली, शिबंदी कापली गेली आणि हिस्लॉपने किल्लेदार तुळशीराम मामा याला फाशी दिले. या फाशीवरून खुद्द इंग्लंडात टीका झाली.

मालेगावची गोष्ट निराळी आणि या इतिहासात अधिक महत्त्वाची आहे. मालेगाव तेव्हा खानदेशातच होते, ते नाशिककडे गेले १८६९ मध्ये. मोसम नदीकाठी नारोशंकर राजेबहाद्दर यांनी बांधलेल्या या किल्ल्याला मे १८१८ मध्ये कर्नल मॅकडॉवेलने वेढा दिला. जवळजवळ महिनाभर शिबंदीने तो लढवला. इंग्रजांकडची दोनशेहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली. शेवटी किल्ल्यातले दारूचे कोठार उडाले आणि जूनच्या मध्यास बोलणी झाली. मॅकडॉवेलच्या मनात अटी साध्या होत्या : हत्यारे ठेवा, जीव वाचेल. पण त्याच्या मुन्शीने मराठीत जो कागद लिहून दिला तो बराच सैल उतरला. शिबंदीचे हित पाहण्याचा त्यात जो शब्द होता, तो अरबांनी घट्ट धरून ठेवला. वाद एल्फिन्स्टनपर्यंत गेला आणि त्याने लिहिलेल्या अक्षराचा शिबंदीला अनुकूल असा अर्थ मान्य केला. खानदेशात इंग्रजी अमलाखाली दस्तऐवजाच्या अर्थावरून झालेला हा बहुधा पहिला मोठा निवाडा. तो कोर्टात झाला नाही, पण वकिलांनी लक्षात ठेवावा असा आहे. मसुदा करणाऱ्याची चूक मसुदा करणाऱ्यावरच शेकली.

त्याच उन्हाळ्यात पुण्यात नेमके उलटे घडले, आणि त्यातून उभा राहिलेला खटला पुढे सगळ्या हिंदुस्थानच्या कायद्याच्या पुस्तकांत जाऊन बसला. नारो गोविंद औटी हे पेशव्यांच्या बाजूने रायगडाचे अधिकारी होते. १० मे १८१८ रोजी रायगड पडला. तहनाम्याच्या अटींनी खासगी मालमत्तेला जे संरक्षण होते, ते नारोबांना नाकारण्यात आले. त्यांना पुण्यात स्वतःच्या घरी राहू दिले गेले, पण लष्करी नजरेखाली. पुढे पुण्याचा तात्पुरता कलेक्टर आणि मॅजिस्ट्रेट कॅप्टन हेन्री डंडस रॉबर्टसन याने त्यांच्याकडची मोठी रक्कम पेशव्यांचा खजिना म्हणून ताब्यात घेतली. ही रक्कम आपली आहे असे नारोबांचे म्हणणे होते. त्यांच्या मृत्यूनंतर मृत्युपत्राप्रमाणे कारभार पाहणाऱ्या बेदरीचंद यांनी रॉबर्टसन आणि त्याचा वरिष्ठ माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन या दोघांवर मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला.

दावा पुण्यात न लावता मुंबईत का लावला, याचे उत्तर तेव्हाच्या दुहेरी व्यवस्थेत आहे. मुंबईचे सुप्रीम कोर्ट १८२४ मध्ये सुरू झाले ते इंग्लंडच्या राजाच्या सनदेने. मुंबई बेट आणि कंपनीचे इंग्रज नोकर त्याच्या हुकमतीत येत. पुणे, नगर, धुळे इथल्या अदालती मात्र कंपनीच्या. कंपनीच्या सर्वोच्च अधिकाऱ्याला कोर्टात खेचायचे असेल तर मुंबईलाच जावे लागे. सरकार आणि सुप्रीम कोर्ट यांचे सख्य नव्हते हे सांगायला नको. मोरो रघुनाथ या पुण्याच्या मुलाला हजर करण्याच्या हुकमावरून गव्हर्नर सर जॉन माल्कमने कोर्टाचे ऐकायचे नाकारले आणि न्यायमूर्ती सर जॉन पीटर ग्रँटने १८२९ मध्ये कोर्टच बंद ठेवले. अशा दिवसांत सुप्रीम कोर्टाने नारोबांच्या बाजूने निकाल दिला. गव्हर्नरपद भोगून गेलेल्या माणसाने एका किल्लेदाराच्या वारसाला लाखो रुपये भरावेत, असा तो हुकूमनामा होता.

अपील लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले. १८३० मध्ये लॉर्ड टेंटरडनने निकाल फिरवला. पैसा कोणाचा होता, या प्रश्नात कौन्सिल शिरलेच नाही. जप्ती झाली ती युद्ध धगधगत असताना नसली तरी युद्ध अजून थांबलेले नसताना झाली, वेळ, जागा आणि माणूस पाहता ती शत्रूच्या मालमत्तेवरची जप्ती होती, आणि म्हणून नागरी कोर्टाला तिच्यात हात घालण्याचा अधिकार नाही, असे ते म्हणाले. पुणे कित्येक महिने शांतपणे इंग्रजांच्या ताब्यात होते, तिथे न्यायाच्या कचेऱ्या बसतही होत्या, पण त्याने फरक पडत नाही असेही निकालात आले. हे शेवटचे वाक्य न्यायालयाच्या इतिहासकाराने दोनदा वाचावे. कचेरी उघडी आहे म्हणजे दार उघडे आहे असे नाही.

पुण्याहून पाहिले तर युद्ध थांबलेले नव्हते हे म्हणणे ओढूनताणून आणलेले वाटते. बाजीरावाने ३ जून १८१८ रोजीच माल्कमपुढे शस्त्र ठेवले होते. खानदेशातून पाहिले की तेच म्हणणे जवळजवळ शब्दशः खरे ठरते. बोरीकाठचा अमळनेरचा किल्ला अरबांनी त्या वर्षाच्या उत्तरार्धातही सोडला नव्हता आणि त्यासाठी मालेगावहून फौज पाठवावी लागली. रावेरच्या पलीकडचा अशीरगड तर ९ एप्रिल १८१९ ला पडला, म्हणजे धुळ्याच्या कचेऱ्यांना मंजुरी मिळाल्यावर. पहिले काही महिने इथल्या न्यायाच्या कचेरीचे काम तोफांच्या आवाजाच्या टप्प्यात नाही, पण बातमीच्या टप्प्यात चालले होते.

फौजेच्या देण्यासाठी राज्यालाच कोर्टात खेचण्याचा प्रयत्न प्रिव्ही कौन्सिलच्या या निकालाआधी सदतीस वर्षे अमेरिकेत झाला होता, आणि दोन खटल्यांची ठेवण चमत्कारिकरीत्या सारखी आहे. रॉबर्ट फार्कर या दक्षिण कॅरोलिनाच्या व्यापाऱ्याने स्वातंत्र्ययुद्धात, १७७७ साली, जॉर्जिया राज्याच्या प्रतिनिधींना सैन्यासाठी माल पुरवला. किंमत १,६९,६१३ डॉलरच्या घरात. पैसे मिळालेच नाहीत. फार्कर वारला आणि त्याच्या मृत्युपत्राचा कारभारी अलेक्झांडर चिझम याने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. सार्वभौम राज्यावर खासगी माणूस दावा लावू शकत नाही असे सांगून जॉर्जिया हजरच राहिले नाही. १८ फेब्रुवारी १७९३ रोजी न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी दावा चालतो असे ठरवले. राज्ये हादरली. युद्धातली अशी देणी सगळ्यांच्याच डोक्यावर होती. दोन वर्षांत राज्यघटनेत अकरावी दुरुस्ती झाली आणि परक्या राज्यातल्या नागरिकांना हे दार बंद झाले. तिथे आणि इथे वादी मृताचा कारभारी होता, कर्ज किंवा ठेव युद्धातली होती, आणि वादी आधी जिंकून पुढे हरला. फरक इतकाच की अमेरिकेत दार बंद करण्यासाठी घटना बदलावी लागली, इथे लंडनमधला एक निकाल पुरला.

खानदेशातल्या न्यायाला रीतसर घडी बसली ती १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेने. तोपर्यंत दिवाणी वादांत एल्फिन्स्टनचा भर पंचायतीवर होता. आता न्यायाधिकाऱ्यांची उतरंड आली, ठरावीक मुदती आल्या, फिर्याद आणि कैफियत लेखी झाली. कागद मोडीत होते आणि पुढेही बराच काळ मोडीतच राहिले. जुन्या दप्तराच्या गासडीला हात लावणाऱ्याला मोडी न येऊन चालत नाही, आणि धुळ्याला तर नाहीच नाही, कारण वि. का. राजवाड्यांच्या नावाने उभे राहिलेले संशोधन मंडळ याच गावात आहे.

त्याच वर्षीच्या एकोणतिसाव्या रेग्युलेशनने दख्खन आणि खानदेश नव्या कायद्याखाली आणले, आणि आणता आणता एक मोठी खिडकी राखून ठेवली. सरदारांवरचे दावे सामान्य कोर्टात चालणार नाहीत, ते सरदारांचा एजंट पाहील. सरदारांच्या तीन प्रती केल्या आणि प्रतीप्रमाणे सवलती ठरल्या. कारण उघड होते. घोडदळ बाळगण्यापायी सरदार कर्जात बुडालेले होते. घोडदळ गेले, कर्ज राहिले. सावकारांनी सगळे कर्जरोखे मुन्सफाकडे नेले असते तर एका हंगामात अर्ध्या दख्खनच्या वाड्यांवर जप्तीचे बेलीफ उभे राहिले असते. राजकीय दृष्ट्या ते परवडणारे नव्हते. म्हणून फौजेसाठी काढलेल्या कर्जाचा निकाल लावायला वेगळे ठिकाण, वेगळा हाकिम. पुढच्या काळात हे काम पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशाकडे असे. खानदेशातल्या सावकाराने सरदाराला कर्ज दिलेले असेल तर त्याला धुळ्याच्या कोर्टाच्या पायऱ्या उतरून पुण्याची वाट धरावी लागे.

सरंजामाचे पुढे काय झाले हे थोडक्यात सांगता येते. इंग्रजांनी लष्करी चाकरी काढून घेतली आणि उत्पन्न राजकीय कृपा म्हणून चालू ठेवले. मग हे उत्पन्न वारसाला जाते का, वाटले जाते का, त्यावर कर्ज चढते का, असे प्रश्न कोर्टांत येऊ लागले. बहुतेक निकालांचा कल एकच राहिला : सरंजाम ही सरकारची मर्जी आहे, सामान्य वारसाहक्काची मालमत्ता नव्हे. १८७१ च्या पेन्शन कायद्याने तर लेखीच ठरवले की सरकारकडून मिळणाऱ्या पेन्शनबद्दल किंवा पैशाच्या, महसुलाच्या देणगीबद्दलचा दावा कलेक्टरच्या दाखल्याशिवाय दिवाणी कोर्टात चालणार नाही. खानदेशात याचा संबंध फक्त वाड्यांशी नव्हता. सातपुड्याच्या आणि अजिंठ्याच्या डोंगरातल्या भिल्ल नाईकांचे, गिरासदारांचे जुने हक्क सरकारने रोख रकमांवर तोडले होते. ते हक्क मुळात वाटा राखण्याचे, घाट सांभाळण्याचे, म्हणजे एका अर्थी शिबंदीचेच होते. भिल्लांसाठी तीन वेगळ्या एजन्सी होत्या, आणि १८२५ मध्ये जेम्स औट्रमने उभी केलेली भिल्ल पलटण धरणगावला ठाण मांडून होती. तिथला शिपाई नियमित रोख पगारावर होता. तिथे वरातीचे कारण उरले नाही.

मुंबईत १८६२ मध्ये हायकोर्ट आले, सुप्रीम कोर्ट आणि सदर अदालत त्यात विरघळली, आणि १८६९ च्या दिवाणी न्यायालय कायद्याने जिल्हा न्यायाधीश व त्याखालचे सब-जज्ज ही आजची चौकट बसली. जिल्हा प्रचंड होता. साक्ष द्यायला यावल-रावेरकडच्या माणसाने धुळ्याला यायचे म्हणजे चाळीसगावपर्यंत आगगाडी आणि पुढे बैलगाडी. चाळीसगाव-धुळे फाटा १९०० साली सुरू झाला तेव्हा कुठे हा त्रास कमी झाला. पक्षकार तारखेच्या आदल्या दिवशीच येत आणि मुक्काम करत. खटल्याच्या खर्चात भाकरीचा खर्च वेगळा धरावा लागे, तो मात्र कोणत्याही हुकूमनाम्यात दिसत नाही.

याच काळात एक युद्ध खानदेशच्या कोर्टांत कर्जाच्या रूपाने आले, तेही अमेरिकेचे. १८६१ ते १८६५ च्या यादवीत तिकडचा कापूस अडला आणि खानदेशी कापसाला सोन्याचा भाव आला. शेतकऱ्याची पत वाढली, सावकाराने हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव कोसळले आणि खते तेवढी उरली. ही फौजेची देणी नव्हती, पण युद्धाची होतीच. १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मुळात पैसे किती दिले हे तपासायला सांगत होता. तो आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागला. खानदेशला त्याचा आधार मिळायला बरीच वाट पाहावी लागली.

१९०६ मध्ये जिल्ह्याचे दोन भाग झाले. पूर्व खानदेशचे ठाणे जळगाव, पश्चिम खानदेशचे धुळे. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळे झाले. आज तिन्ही ठिकाणच्या कोर्टांत फौजेच्या देण्याचा प्रश्न उलट बाजूने येतो. पूर्वी शिपाई धनको होता आणि राज्य ऋणको. आता शिपाई स्वतः ऋणको म्हणून समोर असतो, किंवा समोर नसतो, हाच प्रश्न. पहिल्या महायुद्धात खेड्यापाड्यांतले तरुण मेसोपोटेमियाला आणि फ्रान्सला गेले असताना मागे त्यांच्या घरावर एकतर्फी हुकूमनामे होऊ लागले, तेव्हा १९१८ मध्ये सैनिकांच्या दाव्यांसाठी खास कायदा झाला. त्याची जागा १९२५ च्या सैनिक वाद कायद्याने घेतली. युद्धावर किंवा परदेशी नेमणुकीवर असलेला सैनिक पक्षकार असेल आणि त्याच्या वतीने कोणी हजर नसेल तर काम तहकूब करायचे. तो तसा आहे हे कलेक्टर स्वतःहूनही कोर्टाला कळवू शकतो. तसे असताना झालेला हुकूमनामा रद्द करून मागता येतो आणि नेमणुकीचा काळ मुदतीतून वगळला जातो.

याच्या जोडीला दोन गोष्टी १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आधीपासूनच होत्या. साठाव्या कलमाने सैनिकाच्या पगाराला आणि भत्त्याला जप्तीतून पूर्ण सूट दिली. दुसऱ्या कोणत्याही सरकारी नोकराच्या पगाराचा काही भाग जप्त होऊ शकतो, सैनिकाचा नाही. आणि अठ्ठाविसाव्या आदेशाने रजा न मिळणाऱ्या सैनिकाला आपल्या वतीने दावा चालवायला दुसऱ्याला नेमता येते, भावाला, बापाला किंवा बायकोला. त्यासाठी मुखत्यारपत्राचा मोठा खटाटोप लागत नाही. एक लेखी अधिकारपत्र पुरते. त्यावर सैनिकाने आपल्या कमांडिंग ऑफिसरच्या समोर सही करायची आणि ऑफिसरने त्यावर आपली सही घालायची. मग ते कोर्टात दाखल होते, आणि धुळ्याच्या किंवा जळगावच्या न्यायाधीशाच्या दृष्टीने तो सैनिक त्या तारखेला हजर असतो.